आवारातल्या पाण्याचा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. या पुस्तकातलं बहुतेक गणित एवढ्याच आधारावर उभं आहे. लोणावळ्यात जुलैच्या झडीत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणं काही नवलाचं नाही. त्या दिवशी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद अशा पोहण्याच्या तलावावर ५,००० लिटर पाणी पडतं. बंगल्याचं छप्पर १५० चौरस मीटर आणि तलावाभोवतीची फरशी १०० चौरस मीटर धरली, तर तिथून २५,००० लिटर येतं. समोरची हिरवळ ४०० चौरस मीटरची असेल तर तिच्यावर आणखी ४०,००० लिटर. एकूण झाले ७०,००० लिटर. एका आवारात, एका दिवसात, दहा हजार लिटरचे सात टँकर रिकामे व्हावेत एवढं पाणी.

या हिशोबात तलावाचा वाटा फक्त चौदाव्या हिश्शाचा आहे. तरीही पावसाळ्यात हिरवळ पिवळी पडली, कोपऱ्यात डबकं साचलं, कुंपणाचा गडगा ढासळला की बोट आधी तलावाकडेच जातं. पूल सांभाळणारा माळ्याला दोष देतो, माळी बांधकामवाल्याला आणि बांधकामवाला पावसाला. बहुतेक वेळा प्रत्येकानं आपापलं काम बरंच नीट केलेलं असतं. आवारातल्या सगळ्या पाण्याचा एकत्र विचार मात्र कुणीच केलेला नसतो. छप्पर, फरशी, तलाव, माती, गवत आणि शेजाऱ्याची जमीन ही पाण्याच्या दृष्टीनं एकच व्यवस्था आहे. तिची आखणी एकत्र झाली पाहिजे आणि ती पावसाळ्याआधी झाली पाहिजे, हे ठामपणे सांगण्यासाठी हे पुस्तक काढलं आहे.

हा विषय आज का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो. एके काळी आपल्याकडे पोहण्याचे तलाव असायचे ते जिमखान्यांचे, क्लबांचे, नगरपालिकांचे. त्यांच्याकडे अभियंता असे, पंपावर कायमचा माणूस असे. आता लोणावळा-खंडाळा, कर्जत, इगतपुरी, अलिबाग, मुरुड, गोव्यात आसगाव-शिवोली अशा गावांमधून खासगी बंगल्यांच्या मागच्या अंगणात तलाव झाले आहेत. त्यांतले पुष्कळ बंगले दिवसाच्या भाड्यानं दिले जातात. मालक मुंबईत किंवा पुण्यात, आणि रात्री दोन वाजता पंपघरात पाणी शिरलं तर समोर एकटा केअरटेकर. त्याला फोनवरून मिळणाऱ्या सूचना बहुधा फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियातल्या माहितीवर बेतलेल्या असतात. ती माहिती चुकीची नसते, पण ती वेगळ्या पावसासाठी आणि वेगळ्या मातीसाठी लिहिलेली असते. सह्याद्रीच्या उतारावर चार महिने कोसळणाऱ्या पावसासाठी आपली मांडणी आपणच करायला हवी.

पाणी साठवायचं तर जादा पाण्याची वाट आधी करायची, ही समज फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाची लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७ मीटर आणि खोली २.४ मीटर. त्याच्या विटांच्या भिंतीमागे डांबराचा थर दिला आहे, तळाला उतार आहे आणि कोपऱ्यातलं तोंड कमानीच्या उंच मोरीत उघडतं. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांमध्ये कातळात खोदलेल्या चरांनी पाणी टाक्यांकडे नेलं आहे. आपल्या गडांवरची खोदीव टाकी, देवळांपुढच्या पुष्करणी, गावतळ्यांचे सांडवे पाहत गेलं की एक गोष्ट स्पष्ट दिसते. टाकं किती भरेल याचा विचार करणाऱ्यानं ते भरून वाहू लागलं तर काय, याचाही विचार केलेला आहे.

आधुनिक शास्त्राचे प्रवाह निरनिराळ्या गरजांतून निघाले. पहिला शेतीच्या निचऱ्याचा. फ्रान्समध्ये हेन्री डार्सी यानं दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूतून पाणी कोणत्या वेगानं झिरपतं याचा नियम १८५६ साली मांडला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हेन्री फ्रेंच यानं १८५९ मध्ये शेतीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं. आज हिरवळीखाली खडी भरून जो चर काढतात, तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. दुसरा प्रवाह शहरांच्या गटारांचा. १८५१ मध्ये आयर्लंडच्या थॉमस मल्व्हनीनं आणि १८८९ मध्ये अमेरिकेच्या एमिल क्युखलिंगनं पावसाची तीव्रता, जमिनीचं क्षेत्र आणि पृष्ठभागाचा प्रकार यांवरून किती पाणी वाहून येईल ते काढण्याची रीत घालून दिली. एका बंगल्याच्या आवारापुरता हिशोब करायला ती रीत आजही पुरते. पुढे १९३०च्या दशकात रॉबर्ट हॉर्टन यानं माती पाणी किती वेगानं पिते आणि तो वेग पाऊस लांबला की कसा घटत जातो, ते दाखवलं. हिरवळीचं निम्मं दुखणं या एका निष्कर्षात सापडतं.

तिसरा प्रवाह खुद्द तलावाचा. नळीतून सिमेंटचा मारा करणारं यंत्र कार्ल एकली यानं बनवलं आणि १९११ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. या तंत्रानं हव्या त्या आकाराचा तलाव जमिनीत करणं सोपं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तलाव मध्यमवर्गाच्या परसात आला. थॉमस चर्च यानं १९४८ मध्ये सोनोमा इथे डोनेल कुटुंबासाठी आखलेली बाग आणि तिच्यातला वळणदार तलाव यांनी पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या नजरेत परसातल्या तलावाचं चित्र ठसवलं. पाणी, त्याला लागून फरशी आणि फरशीला लागून सपाट हिरवळ. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा असतो आणि पोहण्याचा हंगाम नेमका तोच, म्हणून तिथे हे चित्र चालतं. ते जसंच्या तसं उचलून आपण घाटमाथ्यावर आणलं, तेव्हा त्यातला कोरडा उन्हाळा मागेच राहिला.

आज या क्षेत्रात ढोबळमानानं तीन विचार नांदतात. पहिला विचार पाणी लवकरात लवकर बाहेर नेण्याचा. गटारं, पाइप, जाळीचे चर, पंप ही त्याची साधनं. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून केली होती. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं ती ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. सरासरीवर विसंबून आखणी करणाऱ्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आवारापुरतं बोलायचं तर तासाला ५० मिलिमीटर पावसात वर सांगितलेल्या छप्पर-फरशीवरून सेकंदाला साडेतीन लिटर पाणी येतं. एक टक्का उतारावर टाकलेला ७५ मिलिमीटरचा पाइप याला कमी पडतो, ११० मिलिमीटरचा पुरतो. बांधकामाच्या वेळी हा फरक थोड्या पैशांत भरून निघतो. नंतर त्यासाठी फरशी फोडावी लागते.

दुसरा विचार पाणी जागच्या जागी मुरवण्याचा. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीनं १९९०च्या सुमारास घरोघरी उथळ, झाडं लावलेल्या खळग्यांमधून पाणी मुरवायला सुरुवात केली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि पुढे चीनच्या स्पंज शहरांनी हाच धागा आपापल्या परीनं वाढवला. या विचारानं पर्जन्यजलाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मेरीलँडचा पाऊस वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर आणि तोही बारा महिन्यांत विखुरलेला. कोकणात आणि गोव्यात त्याच्या अडीच-तीन पट पाऊस चार महिन्यांत येतो. दीड मीटर लांब, रुंद आणि खोल असा शोषखड्डा दगडांनी भरला तर त्यात पाण्याला साधारण १,३५० लिटरची पोकळी उरते. आपल्या उदाहरणातल्या छप्पर-फरशीचं पाणी त्यात सोडलं तर जोराच्या पावसात तो सहा-सात मिनिटांत भरतो. जुलैत भूजल वर आलेलं असतं, त्यामुळे खड्डा अनेकदा आधीच भरलेला असतो. शोषखड्डा मृगाच्या सरींना आणि परतीच्या पावसाला उत्तम. आषाढातल्या झडीला तो एकटा पुरत नाही.

तिसरा विचार या दोन्हींच्या मधला आणि तो आपल्या मातीत मुरलेला आहे. उतारावरची भातखाचरं पाहा. वरच्या खाचरात ठरावीक उंचीपर्यंत पाणी राहतं, त्यावर आलं की बांधाला ठेवलेल्या तोंडातून ते खालच्या खाचरात उतरतं आणि शेवटी वहाळाला मिळतं. पाणी कुठे थांबेल, किती थांबेल आणि कुठून पुढे जाईल, हे तिन्ही आधी ठरलेलं असतं. गोव्याच्या खाजन शेतीत बांध आणि मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, यांच्या साहाय्यानं खाऱ्या पाण्याला भातापासून दूर ठेवण्याची व्यवस्था गावांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. बंगल्याच्या आवारालाही हीच शिस्त लागू पडते. छपराच्या पन्हळीचं पाणी फरशीवर येऊ न देता थेट बंद वाहिनीत घालावं. फरशीचा उतार तलावाकडे आणि हिरवळीकडे न देता कडेच्या चराकडे द्यावा. हिरवळीला एक-दोन टक्के उतार आणि खालच्या कडेला उथळ, गवताळ चर असावा. तलावाला स्वतःचा सांडवा असावा आणि या सगळ्यांची तोंडं एका नैसर्गिक वाटेला जोडलेली असावीत. या पुस्तकाचा कल या तिसऱ्या विचाराकडे आहे, हे लपवण्याचं कारण नाही.

मातीचा प्रश्न इथेच येतो. वाळू तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी पिऊ शकते, चिकणमाती जेमतेम १ ते ५. कोकणातला जांभा सच्छिद्र खरा, पण त्यावरचा मातीचा थर पातळ असतो. पुणे-नाशिककडची काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटवून घेते आणि पाण्याला दार बंद करते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या परिसरातली जमीनही अशीच फुगणारी चिकणमाती आहे. ऑगस्ट २०१७च्या हार्वे वादळात टेक्ससमधल्या नेदरलँड या गावी १,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. त्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे पुस्तक परकं वाटणार नाही. बंगल्याच्या आवारात या सगळ्यावर आणखी एक संकट असतं ते भरावाचं. रोलर फिरवून दाबलेला मुरूम, त्यावर चार-सहा इंच लाल माती आणि त्यावर अंथरलेले गवताचे गालिचे. पाणी लाल मातीतून झपाट्यानं उतरतं आणि मुरुमाशी अडतं. वरून हिरवळ साजरी दिसते, पाय ठेवला की चिखल वर येतो.

गवताला पाणी मारत नाही, हवेचा अभाव मारतो. पाण्यातून प्राणवायू सरकण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या दहा हजारांश असतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो, जमिनीतला नत्र वायुरूपानं निघून जातो आणि पाती पिवळी पडतात. पिवळेपणा दिसला की युरिया टाकायची घाई होते आणि पुढच्या सरीत तो युरिया धुपून तलावात जातो. तिथे तो शेवाळाला पोसतो. तलाव हिरवळ बिघडवतो हे सगळे बोलतात. हिरवळ तलाव बिघडवते हे फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडची हरळी या बाबतीत चिवट आहे, काही दिवस पाण्याखाली राहूनही ती सावरते. कोरियन गवताची दाट चटई दिसायला देखणी, पण सावलीत आणि दमटपणात तिच्यात बुरशी लवकर शिरते. कोणतंही गवत असो, जुना नियम पाळावा. वाफसा आल्याशिवाय हिरवळीवर कापणीचं यंत्र फिरवू नये, खुर्च्या मांडू नयेत, पाहुण्यांना क्रिकेट खेळू देऊ नये. ओल्या मातीवर पडलेलं वजन तिला दाबून टाकतं आणि पुढचा पाऊस आणखी साचतो. उघडीप मिळाली की आधी गाळ हलक्या हातानं उचलावा, मग काटेरी अवजारानं भोकं पाडावीत आणि त्यांत धुतलेली जाड वाळू भरावी. खताची पाळी त्यानंतर.

आता तलावातून ओसंडणाऱ्या पाण्याबद्दल. लोकांना भीती असते क्लोरीनची. पोहण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन साधारण दशलक्ष भागांत १ ते ३ भाग असतो. पावसात पातळ होऊन, पानांवर आणि मातीवर पडून तो लवकर संपतो. रुजलेल्या हिरवळीला एवढ्यानं सहसा इजा होत नाही. मासे आणि बेडूक मात्र याहून फार कमी क्लोरीननं दगावतात, म्हणून ओढ्यात सोडण्याचं पाणी आधी क्लोरीनमुक्त झालंच पाहिजे. अमेरिकेच्या पर्जन्यजल नियमांतही तलावाचं पाणी वाहिनीत सोडण्याची मुभा आहे ती क्लोरीन काढून टाकलेल्या पाण्यापुरतीच. ऊन असेल तर क्लोरीन आपोआप उडतो. पण आपल्याकडे सर्रास वापरतात त्या टीसीसीए गोळ्यांमधून पाण्यात सायन्युरिक आम्ल साठत जातं आणि ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. अशा तलावाला अधिक दिवस द्यावे लागतात.

खरी काळजी मिठाची. मिठापासून क्लोरीन तयार करणारी यंत्रं ऑस्ट्रेलियात रुळली आणि आता आपल्याकडच्या बंगल्यांतही आली आहेत. त्यांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ असतं. आपल्या उदाहरणातला तलाव दीड मीटर खोल धरला तर त्यात ७५,००० लिटर पाणी आणि सुमारे २६० किलो मीठ. रत्नागिरी-गोव्याकडे मोसमात ३,००० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे तलावाच्या खोलीच्या दुप्पट. पाणी सारखं मिसळत आणि ओसंडत राहिलं तर मोसमाअखेर मूळ पाण्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो. याचा अर्थ सव्वादोनशे किलोच्या आसपास मीठ चार महिन्यांत तलावाबाहेर गेलं. ते कुठे गेलं, हा प्रश्न प्रत्येक मालकानं स्वतःला विचारलाच पाहिजे. भर पावसात ते पातळ होऊन वाहून जातं आणि फारसं जाणवत नाही. धोका असतो तो जूनच्या सुरुवातीला, जेव्हा तलावातलं पाणी पुऱ्या ताकदीचं असतं आणि खालच्या वाफ्यात भाताची कोवळी रोपं नुकती वर आलेली असतात. भाताचं रोप या वयात खारेपणाला फार हळवं असतं. चिकणमातीत सोडियम साचला तर मातीची रचना मोडते आणि ती पाणी प्यायचंच थांबवते. मग जिप्सम टाकून ती सुधारायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

यावरचा उपाय साधा आहे. मेच्या मध्यापासून मीठ घालणं थांबवावं आणि शेवटच्या आठवड्यांत तलाव वरून भरत राहू नये. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं रोज सहा-सात मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे तीन आठवड्यांत सव्वाशे मिलिमीटरच्या पुढे जागा मोकळी होते. पाणी स्किमरच्या तोंडाखाली जाऊ लागलं तर पंपाचं ओढणं तळाच्या जाळीवर वळवावं, नाहीतर पंप हवा ओढेल. पहिल्या सरींचं पाणी या मोकळ्या जागेत मावतं, खारटपणा तिथेच उतरू लागतो आणि पुढचा सांडवा सौम्य होतो. काठोकाठ भरून वाहणाऱ्या तलावांना ही सोय नसते. त्यांची बॅलन्सिंग टाकी पावसाळ्यापूर्वी निम्मी ठेवावी आणि तिला स्वतंत्र सांडवा द्यावा.

एका गोष्टीबद्दल मला विशेष आर्जवानं सांगायचं आहे. अतिवृष्टीनंतर पाणी गढूळ झालं म्हणून तलाव पूर्ण उपसू नये. आपल्या उदाहरणातल्या तलावाचा तळ आणि भिंती आठ इंच जाडीच्या धरल्या तर त्यांचं वजन होतं साधारण ४५ टन. भोवतीचं भूजल तळाच्या वर पाऊण-एक मीटर चढलं की तलावाला वर उचलणारा जोर तेवढाच होतो. तलाव भरलेला असताना आतलं ७५ टन पाणी त्याला खाली धरून ठेवतं. ते उपसलं की सांगाडा वर येतो, तडकतो, पाइप तुटतात. तळाला दाब सोडणारी झडप असेल तर ती साफ आहे याची मे महिन्यातच खात्री करावी. गढूळ पाणी तुरटीनं खाली बसवून, गाळ ओढून आणि मग क्लोरीनचा मोठा डोस देऊन सुधारता येतं. पुराचं पाणी आत शिरलं असेल तर ही शुद्धी पूर्ण होईपर्यंत कुणालाही उतरू देऊ नये. कोकणात पावसाळी लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. बंद बंगल्यातला, पंप थांबलेला तलाव डासांचं माहेर होतो, आणि त्याची झळ मालकाला न लागता गावाला लागते. पंपघर जमिनीखाली असेल तर मुख्य स्विच वर, कोरड्या जागी हवा. पाणी भरलेल्या पंपघरात वीज बंद केल्याशिवाय पाय टाकू नये, हे केअरटेकरला एकदा नव्हे, दर मोसमात समजावून सांगावं.

शेजाऱ्याचा विचार कायद्यानंही केलेला आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ सालचा. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरू देण्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. मात्र पाइपानं एका जागी गोळा करून, मीठ-क्लोरीनसह शेजाऱ्याच्या बांधावर सोडलेल्या पाण्याला नैसर्गिक म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं कायम केलेलं तत्त्वही यालाच जोडून आहे. आपल्या जमिनीवर साठवलेलं पाणी निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी साठवणाऱ्यावर येते. कायद्यापलीकडेही एक साधी गोष्ट आहे. डोंगरउतारावरच्या बंगल्याखाली बहुधा कुणाची तरी विहीर आणि खाचर असतं. वर राहणाऱ्याच्या सुट्टीसाठी खालच्याचं पीक जाऊ नये.

या पुस्तकात आम्ही तीन गोष्टी करू पाहतो. पाण्याच्या, मातीच्या आणि गवताच्या शास्त्रातलं जे आवाराच्या आकाराला लागू पडतं, ते सोप्या मराठीत आणि आकड्यांसकट मांडतो. घाटमाथा, कोकणपट्टी, गोवा आणि पठारावरची काळी माती या चार परिस्थिती वेगळ्या धरून प्रत्येकीसाठी वेगळी आखणी सुचवतो. आणि कामाचं वेळापत्रक मे ते ऑक्टोबर असं मोसमाच्या क्रमानं देतो, कारण केअरटेकरला प्रकरणाची शीर्षकं लागत नाहीत, आज काय करायचं ते लागतं. नवे तलाव बांधावेत की नाहीत हा वाद आम्ही इथे सोडवलेला नाही. पाणीटंचाईच्या गावात तो वाद व्हायलाच हवा. जे तलाव झाले आहेत, ते निदान कुणाला अपाय न करता सांभाळले जावेत, एवढी या पुस्तकाची मर्यादा आणि एवढीच त्याची जिद्द आहे.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी कोणताही पाइप, खड्डा किंवा चर पुरा पडणार नाही आणि पडावा अशी अपेक्षाही नाही. पण त्या दिवशी पाणी घरात न शिरता, दरड न ओढता आणि शेजाऱ्याची विहीर न बुजवता वहाळापर्यंत जाऊ शकलं, तर आखणी यशस्वी झाली असं मी मानेन. त्यासाठी वाचकाला एकच विनंती आहे. पहिल्या पावसाआधी बांधकामवाला, पूल सांभाळणारा, माळी आणि केअरटेकर या चौघांना एकाच वेळी आवारात बोलवा. छपराच्या टोकापासून वहाळापर्यंत पाण्याबरोबर चाला, जिथे वाट तुटते तिथे खूण करा आणि ती कोण, कधी जोडणार हे तिथेच ठरवा. खालच्या शेताच्या मालकालाही बोलावलंत तर उत्तम. तुमच्या आवाराचं पाणी कुठे जातं, हे त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक असतं.